दोन बोटं केस

न्हाव्याच्या दुकानासमोरून जाताना आजही माझे पाय मंदावतात. आत कोणाच्या डोक्यावरून वस्तरा फिरत असला, की मी तोंड फिरवतो आणि पुढे जातो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. खून, दरोडे, दंगली यांतलं बरंचसं विसरलोही, पण हे प्रकरण काही जात नाही. खरं तर यात गुन्हा असा दाखलच झाला नाही. माणूस बेपत्ता असल्याची एक नोंद, आमच्या भाषेत मिसिंग, होती, ती निकाली निघाली आणि कागद दप्तरी जमा झाले. नावं सांगत नाही, कारण यातली माणसं वाईट नव्हती.

तेव्हा परभणी जिल्ह्यात, पालमच्या बाजूला, एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. बाजारच्या दिवशी ठाण्यात गर्दी असे. मीठ-मिरची घ्यायला आलेला माणूस जाता जाता बांधाच्या भांडणाची तक्रारही देऊन जाई. एका खेपेत दोन कामं. गावं वाटून दिलेले आमचे बीट अंमलदारही काही वेगळे नव्हते. समन्स, नोटिसा, निरोप घेऊन उन्हातान्हात गावोगाव फिरण्यापेक्षा ते बाजारात उभे राहत. त्या गावचा माणूस दिसला, की कागद त्याच्या हातात द्यायचा, सही घ्यायची, झाली तामील. मला हे ठाऊक होतं आणि मी ते चालू दिलं होतं.

अशाच एका बाजारी, पौष महिना संपत आला असताना, एक म्हातारी ठाण्यात आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, सत्तरीपुढची, ताठ कण्याची. मागे तिचा धाकटा मुलगा उभा होता. ठाणे अंमलदाराने तिला बाकावर बसायला सांगितलं, पण ती थेट माझ्या टेबलापाशी आली.

"माझं थोरलं लेकरू जेलातून सुटलंय म्हनत्यात," ती म्हणाली. "घरी आलंच न्हाई. तुमीच नेलं होतं, तुमीच हुडकून द्या."

हकीकत अशी होती. साडेआठ वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या मुलाची मेंढरं एकाच्या उभ्या ज्वारीत शिरली. शिव्यागाळी झाली, काठ्या निघाल्या आणि याची काठी समोरच्याच्या डोक्यात बसली. तो माणूस दवाखान्यात दगावला. सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दहा वर्षांची शिक्षा लागली. चांगल्या वागणुकीचे माफीचे दिवस वजा जाता तो पौषात सुटणार होता. हे म्हातारीला शेजारच्या गावच्या एका माणसाने सांगितलं होतं, तोही आत होता आणि दिवाळीत सुटून आला होता. मध्यवर्ती कारागृह दोन जिल्हे पलीकडे. पहिली काही वर्षं ती भेटीला जात असे. मग गुडघे गेले आणि भेटी थांबल्या. घरात फोन एकच, तो धाकट्याच्या खिशात.

आम्ही मिसिंग दाखल केली. जबाब घेताना मी धाकट्याकडे बघत होतो. ज्याचं माणूस हरवतं, तो तासाभरात तीनदा तरी विचारतो, सापडेल ना साहेब? याने एकदाही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला, पेपरात फोटो येईल का. त्याच्या मुलीचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं. जेलमधल्या माणसाचा फोटो छापून आला तर सोयऱ्यांत लाज जाईल, म्हणून बिचारा विचारत असेल, असं मी धरून चाललो. एवढी वर्षं नोकरी करून माणूस ओळखता येतो, अशी माझी समजूत होती.

कारागृहात मी स्वतः गेलो. तिथल्या तुरुंगाधिकाऱ्याने नोंदवही दाखवली. कैदी तीन आठवड्यांपूर्वी सुटला होता. त्याचे कपडे, एक पितळी डबी आणि एस.टी.चं भाडं देऊन सही घेतलेली होती. सुटकेआधी महिनाभर कैद्यांची तयारी करून घेतात, हे मला तिथे नीट कळलं. बाहेरच्या जगाची सवय गेलेली असते. बोटाने चालणारा फोन कसा लावायचा, रहदारीचा रस्ता कसा ओलांडायचा, इथपासून शिकवावं लागतं. शिवणकाम शिकवायचं आणि सुटल्यावर कामाला लावायचं कंत्राट एका खाजगी संस्थेला दिलं होतं. शिकवलेला प्रत्येक माणूस कामावर रुजू झाला, असा सही-फोटोचा कागद संस्थेने जोडलाच पाहिजे, अशी कंत्राटात अट होती.

तिथल्या समाजसेविका बाईंना हा कैदी चांगला आठवत होता. म्हणाल्या, शिलाई मन लावून शिकला, बोलायचा कमी. शेवटच्या महिन्यात मात्र रोज एकच गोष्ट विचारायचा, घरी कळवलं का? त्या त्याला सांगत, तुझ्या ठाण्याला पत्र गेलंय, ते घरी निरोप देतील. मी मान डोलावली. ते ठाणं कुठलं, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

फाटकावरच्या शिपायाने सांगितलं, की तो माणूस त्या संस्थेच्या जीपमध्ये बसून गेला. मी कान टवकारले. सुटलेल्या, वाली नसलेल्या माणसांना उचलून कुठेतरी वेठीला धरण्याचे प्रकार मी ऐकले होते. संस्थेच्या व्यवस्थापकाला बोलावून घेतलं. तो गुळगुळीत दाढीचा, फायली छातीशी धरून बसणारा मनुष्य होता. त्याने लगेच कागद काढला. हा पाहा साहेब, सेलूच्या आमच्या शिलाई केंद्रात रुजू, ही सही, हा फोटो.

मी त्याला गाडीत घातलं आणि सरळ सेलूला नेलं. कापसाच्या जिनिंगच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये सात-आठ शिलाई मशिनं होती, वारदान, म्हणजे पोती, शिवणारी माणसं होती, पण आमचा माणूस नव्हता आणि तिथल्या कोणी त्याला पाहिलेलंही नव्हतं. मग व्यवस्थापकाचा चेहरा उतरला. तासाभरात त्याने खरं सांगितलं. सह्या त्याने जीपमध्येच उरकून घेतल्या होत्या. हा माणूस सगळ्या वाटेने रडत होता. सेलूच्या स्टँडवर पाणी पितो म्हणून उतरला, तो परत आलाच नाही. तरी कागद पुरा झाला होता, म्हणून यांनी तो पुढे पाठवून दिला.

मी त्याची अशी खरडपट्टी काढली की शेडमधली मशिनं थांबली. माणूस म्हणजे कापसाची गाठ आहे का, आवक दाखवली की झालं? कागदावर हजर आणि जागेवर गैरहजर, याला काम म्हणतात? आणखीही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारागृहातून मिळालेला फोटो आम्ही सेलूकडच्या पोलिसांना पाठवला. भरघोस मिशा, दाट केस, डोळे खाली. दोन दिवसांनी मला एक फोन आला. सेलूचा न्हावी होता. त्याच्याकडे दाढीला येणाऱ्या शिपायाने त्याला फोटो दाखवला होता.

"साहेब, ह्यो मानूस चार दिसांखाली अमावास्येला माझ्याकडं आलता," तो म्हणाला. "डोकं, मिशा, समदं काढून टाक म्हनला. कोन गेलं इचारलं तर म्हनला, माय."

मला वाटलं याची ओळखण्यात चूक झाली. पण न्हावी ठाम होता. तो सांगू लागला, माय गेलेला माणूस एकटा येत नाही. संगं भावकी असते, आणि ते काम दहाव्याला नदीवर होतं, दुकानात खुर्चीवर नव्हे. हा एकटाच आला. दहावा कधी होता विचारलं तर म्हणाला, मला ठाऊक नाही, सहा महिने झाले म्हणतात. अमावास्येला गेली एवढंच कळलं, म्हणून अमावास्येची वाट पाहिली. न्हाव्याने ओळखलं, की हा कुठेतरी बंद होता. त्याने पैसे घेतले नाहीत.

मी फोन ठेवला. ज्या माणसाने आईसाठी केस दिले होते, त्याची आई आदल्याच बाजारी माझ्या टेबलासमोर येऊन, काही खबर लागली का, विचारून गेली होती. मग याला ती मेल्याचं सांगितलं कोणी?

तेव्हा कुठे मला समाजसेविका बाईंचं वाक्य आठवलं. मी हवालदाराला आवक नोंदवही काढायला सांगितली. कारागृहाचं पत्र सापडलं. सुटकेची तारीख, नातेवाइकास कळवावे, अहवाल पाठवावा. खाली आमच्या बीट अंमलदाराचा शेरा होता, 'नातेवाइकास समक्ष कळविले.' शेऱ्याखाली धाकट्या भावाची सही, आणि सगळ्यात खाली, न वाचता मारलेली माझी आद्याक्षरं.

बीट अंमलदार म्हणाला, बाजारात भेटला होता साहेब, त्यालाच सांगितलं, सख्खा भाऊ म्हणून. त्याला काय बोलणार? शेडमध्ये त्या व्यवस्थापकाला जे जे बोललो होतो, ते सगळं माझ्या कानात परत वाजत होतं. आमचा कागदही पुराच होता. तो अंमलदार गावात गेला असता, दारात उभा राहून बोलला असता, तर ते म्हातारीच्या कानावर पडलं असतं. एवढंच करायचं होतं.

धाकट्याला बोलावलं. चौकशीत माणूस खरं बोलेपर्यंत मी आवाज चढवत नाही, गप्प बसतो. बहुतेकांना ओरडणं सहन होतं, गप्प बसणं होत नाही. मी नोंदवही उघडून त्याची सही त्याच्यासमोर ठेवली आणि चहा मागवला. चहा निवला. मग तो बोलू लागला आणि थांबेना.

सुटकेच्या दिवशी तो एकटाच कारागृहाच्या फाटकावर गेला होता. भाऊ बाहेर आला, गळ्यात पडला आणि पहिला प्रश्न विचारला, माय कशी आहे? पोरीचं लग्न मोठ्या मुश्किलीने जमलं होतं. सोयऱ्यांना चुलत्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. भाऊ गावात आला की बोभाटा होणार, आणि माय असताना तो गावापासून दूर राहणार नाही, हे याला पक्कं ठाऊक होतं.

"तोंडातून निगून गेलं साहेब," तो म्हणाला. "माय गेली म्हनलं, सहा महिने झाले, अमावास्येला. आता गावात तुजं कोनी न्हाई, पोरीचं लगीन होऊ दे, मग बघू. तेनं काईच इचारलं न्हाई. गप जीपमदी जाऊन बसला."

आणि म्हातारीला? तिला काय सांगणार होतास? लग्न झालं की दोघांना सगळं सांगून पाय धरणार होतो, म्हणाला. मला त्याचं खरं वाटलं. ज्या पोरीसाठी हे केलं, ती चुलता आत गेला तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती, आणि तिला खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा तोच होता, हेही त्यानेच सांगितलं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण माझी आद्याक्षरं त्याच्या सहीच्या खालीच होती.

थोरला सापडला तो वालूरच्या रस्त्याला. बाहेरच्या जिल्ह्यातून चारणीला आलेल्या मेंढपाळांच्या तळावर तो राहिला होता. शिलाई शिकलेला माणूस पुन्हा मेंढरांमागे गेला होता. डोकं आणि ओठ तुळतुळीत, फोटोतला माणूस शोधूनही दिसेना. मला पाहून उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले. मी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं, तुझी आई जिवंत आहे, ठाण्यात बसली आहे. त्याचा हात सावकाश डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने तळावरच्या एकाकडून मुंडासं मागून घेतलं आणि गच्च बांधलं.

ठाण्यात आल्यावर म्हातारी उठली. तिने त्याचा चेहरा चाचपला, मिशी नसलेल्या ओठावर तिचं बोट थांबलं. मग तिने ते मुंडासं ओढून काढलं. आम्ही सगळे उभे होतो. ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं.

"कोन गेलं रे?" तिने विचारलं.

तिने भावकीतल्या एकेका म्हाताऱ्याचं नाव घेतलं. तो नुसती मान हलवत राहिला. मग तिने दाराशी उभ्या असलेल्या धाकट्याकडे पाहिलं. तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. तिला कळलं. कोणाला सांगावं लागलं नाही.

ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मला वाटलं, आता ती धाकट्याला शिव्याशाप देणार. दिशाभूल केल्याबद्दल त्याच्यावर कारवाई करायची माझी तयारी होती. तिने मात्र त्याला काही न करण्याची विनंती केली. मग थोरल्याच्या डोक्यावर पदर टाकला आणि म्हणाली, "लग्नाच्या घरी बोडकं डोकं घेऊन येऊ न्हाई, बाबा. समदे इचारतील कोन गेलं. आपुन काय सांगायचं? केस येऊ दे. दोन बोटं झाले की मी येते न्यायला."

तो म्हणाला, बरं. साडेआठ वर्षांनी तुरुंगाबाहेर आई भेटली, आणि तिने घरी येऊ नको म्हटलं, आणि तो बरं म्हणाला. मी तोंड धुवायच्या निमित्ताने मागच्या बाजूला गेलो.

जबाबात त्याने लिहून दिलं, 'मी माझ्या मर्जीने निघून गेलो होतो, कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खोटं आहे हे ठाऊक असून मी त्यावर सही केली. त्या वेळी मात्र वाचून केली.

सेलूच्या त्या शिलाई केंद्रात मी त्याला खरोखर रुजू करवलं. व्यवस्थापक माझ्या धाकाने त्याला जपत होता. म्हातारी पंधरा दिवसांनी एकदा, सेलूच्या बाजारी, परभणीला एस.टी. बदलून येई. गुडघे दुखत, तरी येई. न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर मायलेक बसत. ती भाकरी सोडी, तो जेवे, आणि ती त्याच्या केसांवर बोट आडवं धरून मोजे. हे मला न्हाव्यानेच सांगितलं. एकदा मी कामानिमित्त सेलूला गेलो असताना माझ्या डोळ्यांनीही पाहिलं. अर्धं बोट झालंय साहेब, ती मला म्हणाली, जसं काही माझंच काम अडलं होतं.

लग्न पार पडलं तेव्हा केस बोटभर होते. पाडव्याला नवे सोयरे घरी येणार, म्हणून मुक्काम आणखी लांबला. पाडवाही झाला. पुढच्या बाजारी घेऊन जाते, असं ती त्याला सांगून गेली.

त्या बाजाराच्या तीन दिवस आधी, सकाळी, धाकट्याचा मला फोन आला. म्हातारी पहाटे झोपेतच गेली होती. तो रडत होता. म्हणाला, साहेब, दादाला तुमीच सांगा. मी सांगितलं तर तो खरं मानायचा न्हाई.

मी सेलूला गेलो. शेडमध्ये तो मशिनवर वारदान शिवत होता. मी त्याला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"ह्या खेपेला खरंच का साहेब?" त्याने विचारलं.

त्यानंतर माझ्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. कारागृहाचं पत्र आलं, की बीट अंमलदाराला सोबत घेऊन मी स्वतः त्या गावी जाई. दारात उभा राही आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई बाहेर आल्याशिवाय बोलत नसे. आत असलेल्या माणसाची सुटकेसाठी तयारी करून घेणारे लोक मी पाहिले, त्यांचं काम चांगलं होतं. पण ज्या घरात तो जाणार, त्या घराची तयारी कोणी करून घ्यायची, हे कुठल्याच कंत्राटात लिहिलेलं नव्हतं. ते आमच्याकडे होतं, आणि आम्ही ते बाजारात उरकलं. हे सगळं मला एका म्हातारीच्या वाट्याचे तीन महिने गेल्यावर कळलं. त्या तीन महिन्यांत तिचा मुलगा घरी असू शकला असता.

म्हातारी गेली त्या दिवशी मी थोरल्याला माझ्याच गाडीतून गावी नेलं. इतक्या वर्षांनी तो गावात शिरला तो असा. दहाव्याला मी साध्या कपड्यांत पुन्हा गेलो. नदीवर भावकी जमली होती. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. या वेळी तो एकटा नव्हता. गावच्या न्हाव्याने थोरल्याचं डोकं भिजवायला पाणी घेतलं, तेव्हा त्याने हाताने थांब म्हणून खूण केली. आपली दोन बोटं त्याने केसांवर आडवी धरून पाहिली. पुरी दोन बोटं झाली होती. मग त्याने हात खाली घेतला आणि मान पुढे केली.